रोज बीटाडीन लावूनही जखम भरत नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. चप्पल घासून पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला जखम झाली, तिला तीन आठवडे झाले. तुम्ही रोज सकाळी ती हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येईपर्यंत धुता, मग बाटलीतलं बीटाडीन तसंच ओतता, वरून त्याचंच मलम लावून घट्ट पट्टी बांधता. ड्रेसिंगवाल्या सिस्टर म्हणाल्या पातळ करून वापरा, औषधाच्या दुकानात सांगितलं तसंच लावा, आणि तुम्ही कुठेतरी वाचलंत की याने चांगल्या पेशीही मरतात. त्यात आईला थायरॉइडचा त्रास, घरात दोन महिन्यांचं बाळ, आणि वडिलांना कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात. शेवटी विचारलंय, हे औषध चांगलं की वाईट, आणि चादरीवरचे डाग कसे घालवायचे.

मी सर्जन आहे. हे तपकिरी औषध ऑपरेशन थिएटरमध्येही रोज हातात असतं आणि ड्रेसिंगच्या खोलीतही, पण दोन्हीकडे मी ते अगदी वेगळ्या पद्धतीने वापरतो. तुमच्या गोंधळाचं उत्तर तिथेच आहे. सिस्टर, दुकानदार आणि तुम्ही वाचलेला मजकूर, तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तिघं वेगवेगळ्या त्वचेबद्दल बोलतायत. धडधाकट कातडीवर, ऑपरेशनच्या आधी, दोन-तीन मिनिटांसाठी हे औषध उत्तम. घाण झालेल्या ताज्या जखमेवर, एक-दोन दिवस, पातळ करून, चांगलं. भरायला लागलेल्या लालसर मांसावर आठवडेच्या आठवडे रोज ओतत राहणं, हे मात्र त्याचं काम नाही. बीटाडीनमधलं औषध म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, आणि ते जंतू मारतं. जखम भरून आणत नाही ते. भरणं शरीर करतं, आणि त्याला रक्तपुरवठा, साखरेवर ताबा आणि त्या जागेला विश्रांती लागते.

वडिलांचा पाय मी पाहिलेला नाही, म्हणून पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा. पण एक गोष्ट न पाहताही सांगता येते. मधुमेही माणसाच्या तळव्यावरची जखम तीन आठवड्यांत लहान होत नसेल, तर औषध कुठलं लावायचं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, ती जखम का टिकून आहे. बहुतेक वेळा कारण हेच की पायाची संवेदना कमी झालेली असते, दुखत नाही, त्यामुळे माणूस त्याच जागेवर भार देऊन चालत राहतो. प्रत्येक पावलाला जखम नव्याने चिरडली जाते. मग वरून अमृत ओतलं तरी उपयोग नाही. मधुमेही पायाच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये सुधारली गेली, त्यांत तर स्पष्ट म्हटलंय की जखम भरावी या हेतूने अँटिसेप्टिक ड्रेसिंग वापरू नका. भर आहे तो त्या जागेवरचा दाब काढण्यावर, कडेचा जाड झालेला घट्टा आणि मेलेलं मांस खरवडून काढण्यावर, आणि पायाचा रक्तपुरवठा तपासण्यावर.

म्हणून या आठवड्यातच त्यांना मधुमेही पायाच्या जखमा बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. ते पायाच्या नाड्या बघतील, १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासतील, बोथट सळईने जखमेच्या तळाशी हाड लागतंय का ते पाहतील, एक्स-रे काढतील. आणि ताप, पायावर पसरत जाणारी लाली, घाण वास, नवीन काळेपणा किंवा एकाएकी वाढलेली साखर, यातलं काहीही दिसलं तर आठवडा नाही, त्याच दिवशी जा.

आता औषधाकडे येऊ, कारण ते नीट कळलं की बाकीची उत्तरं आपोआप सुटतात.

आयोडीन १८११ साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला सागरी शेवाळाच्या राखेतून सापडलं. जंतू मारण्यात ते पहिल्यापासूनच तरबेज. बॅक्टेरिया, बुरशी, विषाणू, आणि पुरेसा वेळ दिला तर काही चिवट बीजाणूसुद्धा. ते पेशीच्या आत शिरून प्रथिनांशी, स्निग्ध द्रव्यांशी आणि जनुकीय घटकांशी एकाच वेळी रिॲक्शन करतं. मारा एकाच ठिकाणी नसल्यामुळे जंतूंना पळवाट शोधणं अवघड जातं. प्रतिजैविकांना जंतू सहज दाद देईनासे होतात, तसं आयोडीनबाबत इतक्या वर्षांच्या वापरानंतरही फारसं घडलेलं नाही. त्याचं हे बलस्थान मला फार मोलाचं वाटतं.

पण आयोडीन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून पूर्वी ते अल्कोहोलमध्ये मिसळून टिंक्चर करत. तुमच्या आजी-आजोबांना टिंक्चर म्हटलं की काय आठवेल ते मला माहीत आहे: जखमेवर लावलं की ब्रह्मांड आठवायचं. झोंबायचं, कातडी भाजायची, डाग जायचा नाही. यावर तोडगा १९५५ मध्ये निघाला. शेलान्स्की आडनावाच्या दोन संशोधकांनी आयोडीन पोव्हिडोन नावाच्या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरला (लांब साखळीच्या रेणूला) बांधलं. हा पॉलिमर त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, रक्तद्रवाऐवजी शिरेतून देण्यासाठी वापरला जात होता. या जोडीत बहुतेक आयोडीन पोव्हिडोनला धरून बसतं आणि थोडंथोडंच सुटं होतं. सुटं झालेलं खर्ची पडलं की साठ्यातून पुढचं सुटतं. झोंबणं कमी झालं, डागही धुतला तर निघू लागला.

जंतू मारतं ते फक्त सुटं आयोडीन. बांधलेलं आयोडीन नुसता साठा. बाटलीवरचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवा. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन म्हणजे १ टक्का उपलब्ध आयोडीन, ५ टक्के म्हणजे अर्धा टक्का. आणि त्या १ टक्क्यातलंही कोणत्याही क्षणी सुटं असतं ते अगदी नगण्य, दहा लाखांत साधारण एक भाग.

आता गंमत बघा. द्रावण पातळ केलं की पोव्हिडोनची पकड सैल होते आणि सुट्या आयोडीनचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. १० टक्क्यांचं द्रावण शंभर पट पातळ केलं, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास आणलं, की सुटं आयोडीन सर्वांत जास्त असतं. मूळ द्रावणाच्या कितीतरी पट. त्याहून पातळ केलं की मग ते खरोखरच कमी होत जातं. १९८२ मध्ये प्रयोगशाळेत हे पडताळूनही पाहिलं गेलं: पातळ केलेल्या द्रावणाने जंतू जास्त लवकर मेले. म्हणजे सिस्टर तुम्हाला सांगत होत्या ते फक्त सौम्य करण्यासाठी नव्हतं. पातळ द्रावण जखमेला कमी त्रास देतं आणि जंतूंना मारण्यात कमीही पडत नाही.

मग दुकानदार चुकीचा का? नाही. पातळ द्रावणात सुटं आयोडीन जास्त असलं तरी मागचा साठा कमी असतो. पू, रक्त, मेलेलं मांस यांच्याशी गाठ पडली की आयोडीन तिथेच खर्ची पडतं. साठा मोठा असेल तर भरपाई होते, लहान असेल तर संपतं. धडधाकट कातडीवर ऑपरेशनच्या आधी आम्ही पूर्ण ताकदीचंच लावतो, कारण तिथे कातडीच्या पेशी मरण्याची चिंता नसते आणि साठा भरपूर हवा असतो.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. उद्या पट्टी सोडाल तेव्हा गॉज लगेच टाकून देऊ नका, उजेडात धरा. कडेला, जिथे ते चांगल्या कातडीला टेकलं होतं, ते तपकिरी दिसेल. मधोमध, जिथे जखम होती, तिथे रंग उडून पिवळट किंवा पांढरट झालेला असेल. रंग आहे तोवर आयोडीन शिल्लक आहे. रंग गेला म्हणजे ते संपलं. काल सकाळी लावलेलं औषध जखमेच्या मध्यावर आज सकाळपर्यंत काम करत होतं, ही समजूत ते गॉज खोडून काढतं. आम्हीसुद्धा रंग बघूनच ठरवतो. काही तासांत रंग उडत असेल तर पू आणि सडका भाग जास्त आहे, आणि तेव्हा औषधाचा डोस वाढवण्यापेक्षा तो भाग काढण्याची गरज असते.

पेशी मरतात हे जे वाचलंत, तेही खरं आहे, पण कुठे खरं आहे ते बघायला हवं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, उघड्या पेशींवर पूर्ण ताकदीचं द्रावण टाकलं की जखम भरणाऱ्या पेशी मरतात. यात वाद नाही. माणसाच्या जखमेत मात्र स्राव असतो, प्रथिनं असतात, औषध लगेच सौम्य होतं आणि संपतं, त्यामुळे तितकं नुकसान दिसत नाही. माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. माझं मत असं बनलंय: जंतूसंसर्ग असेल तर काही दिवस वापरण्यात फायदा नुकसानीपेक्षा मोठा. संसर्ग आटोक्यात आला, तळाशी लालबुंद दाणेदार मांस दिसू लागलं, की थांबायचं. अशा मांसावर मी सलाईनशिवाय, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याशिवाय, काही ओतत नाही. तुमच्याकडे तीन आठवडे झाले आणि कोणी थांबायचा दिवसच ठरवून दिला नाही, मला खटकलं ते हे.

याला एक अपवाद आहे, आणि तो मधुमेही पायांतच दिसतो. बोटाचं टोक काळं पडून कोरडं झालंय, रक्तपुरवठा नाही, आणि ते लगेच कापायचं नाही असं ठरलंय. अशा वेळी आम्ही मुद्दाम त्यावर रोज पोव्हिडोन आयोडीन लावून हवेत कोरडं ठेवतो. तिथे भरायचं काही नसतं. ओलं होऊन सडू नये एवढाच हेतू असतो. तुमच्या वडिलांची जखम तशी नाही असं वर्णनावरून वाटतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड आजच बंद करा. फेस बघून समाधान वाटतं, पण तो फेस जंतू मेल्याचा पुरावा नाही. रक्तात आणि पेशींत असलेलं एक विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून बुडबुडे येतात. नव्या पेशींना ते त्रासदायक, आणि खोल, बंद पोकळीत ओतलं तर वायू रक्तात शिरण्याचा धोकाही असतो. शिवाय पेरॉक्साइड आणि आयोडीन एकमेकांशी रिॲक्शन करतात, म्हणून ती एकापाठोपाठ वापरायची नाहीत. हाच नियम आणखी काहींना लागू. भाजल्यावर लावतात ते चांदीयुक्त पांढरं मलम आयोडीनबरोबर लावलं की दोन्ही निकामी होतात. पाऱ्याचं जुनं लाल औषध घरात कुठे राहिलं असेल तर ते फेकूनच द्या. आयोडीनशी मिळून ते कातडी जाळणारं संयुग बनवतं. मेलेलं मांस विरघळवणारी विकरयुक्त मलमंही आयोडीनमुळे निष्प्रभ होतात.

तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत काय करायचं? सलाईनने किंवा पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने जखम धुवा. साध्या जखमांच्या बाबतीत स्वच्छ नळाच्या पाण्याने संसर्ग वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पू असेल तर ताजं पातळ केलेलं द्रावण, फिकट चहाच्या रंगाचं, दोन-तीन मिनिटं ओल्या गॉजने ठेवा, मग सलाईनने धुऊन टाका. सांध्याच्या ऑपरेशनमध्ये आम्ही आत धुण्यासाठी ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये १० टक्क्यांचं १७.५ मिलिलिटर घालतो, म्हणजे साधारण ०.३५ टक्के, तीन मिनिटं ठेवतो आणि धुतो. त्यावरून अंदाज येईल किती थोडं पुरतं. पातळ केलेलं उद्यासाठी ठेवू नका. पू नसेल तर तेही नको. वरून जखमेला न चिकटणारं गॉज, सैल पट्टी, आणि चालणं शक्य तितकं बंद.

घट्ट पट्टी का नको, हे थिएटरमधलं एक दृश्य सांगतो, कारण या औषधाचा सगळ्यांत नेहमीचा अपाय तिथेच दिसतो. रोग्याच्या अंगाला औषध लावताना ते ओघळून पाठीखाली, जांघेत किंवा मांडीला बांधलेल्या पट्ट्याखाली साचतं. रोगी भूल दिलेला, त्याला झोंबलेलं सांगता येत नाही. वरून वजन, खालून ओल, दोन-तीन तास. दुसऱ्या दिवशी त्या जागी लालभडक चट्टा दिसतो, कधी फोडांसकट, आणि त्याची कड इतकी रेखीव असते की चादरीची घडी कुठे होती ते ओळखता येतं. ही ॲलर्जी नसते. कातडी ओल्या आयोडीनखाली कोंडली गेली की रासायनिक भाजणं होतं. सुकलं की धोका बहुतांशी टळतो. म्हणून आम्ही खाली कपडा ठेवतो, साचलेलं टिपतो, आणि लावलेलं पूर्ण सुकेपर्यंत थांबतो. सुकण्याची ती मिनिटंच जंतू मरण्याचीही मिनिटं आहेत. लावल्या लावल्या पुसून घेतलं तर नुसता रंग लागला. अल्कोहोलमध्ये बनवलेलं द्रावण असेल तर आणखी एक कारण: ते ओलं असताना शस्त्रक्रियेतल्या विजेच्या उपकरणाची ठिणगी पडली तर पेट घेऊ शकतं. घरच्या भाषेत सांगायचं तर, लावा, सुकू द्या, मग झाका. ओलं असताना प्लॅस्टिकने किंवा घट्ट पट्टीने बंद करू नका.

इथवरचं थोडक्यात: पेरॉक्साइड बंद, बीटाडीन फक्त पू असेल तर, पातळ, थोडा वेळ, थोडे दिवस, पट्टी सैल, भार नको, डॉक्टर याच आठवड्यात.

आता ॲलर्जी. कोळंबी, खेकडे यांची ॲलर्जी त्यांतल्या एका स्नायूच्या प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नाही. त्यामुळे ते कारण देऊन पोव्हिडोन आयोडीन टाळण्याची गरज नाही. स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या आयोडीनयुक्त औषधाची रिॲक्शन हाही वेगळा विषय. आयोडीन तर आपल्या थायरॉइडच्या संप्रेरकांतच असतं, त्याशिवाय जगता येत नाही. पोव्हिडोन आयोडीनची खरी ॲलर्जी असते, पण क्वचित, आणि ती बऱ्याचदा पोव्हिडोनची निघते. लावल्यावर खाज, पुरळ, सूज आलीच तर धुऊन टाका आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा. मला ही 'आयोडीनची ॲलर्जी' केसपेपरवर लिहिलेली दिसते तेव्हा मी आधी विचारतो, नक्की काय झालं होतं. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या जेवणाचं असतं.

थायरॉइडचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि लोक नेमका तोच हलक्यात घेतात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. १० टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम उपलब्ध आयोडीन असतं. दोन महिन्यांहून अधिक गरज एका मिलिलिटरमध्ये. धडधाकट कातडीतून त्यातलं फार थोडं आत जातं, म्हणून खरचटल्यावर लावलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण उघडी मोठी जखम, भाजलेला भाग, तोंडाचं किंवा योनीचं अस्तर यांतून ते चांगलंच शोषलं जातं. आयोडीन एकदम वाढलं की थायरॉइड काही काळ संप्रेरक बनवणं थांबवते. हा परिणाम १९४८ मध्ये वुल्फ आणि चायकॉफ यांनी दाखवला. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून बाहेर येते. आधीच आजारी असलेली नाही येत, आणि काहींच्यात उलटं होऊन ती बेफाम काम करू लागते, विशेषतः गाठी असलेल्या गलगंडात.

आईंनी वडिलांची पट्टी केली म्हणून त्यांच्या थायरॉइडला काही होणार नाही. हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, पुरे. पण त्यांना स्वतःला मोठी जखम झाली, किंवा आयोडीनच्या गुळण्या, योनीत ठेवायच्या गोळ्या असं काही कोणी रोजचं सुरू केलं, तर थायरॉइडच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लिथियमची (मानसिक आजारावरची) गोळी चालू असणाऱ्यांनाही हेच लागू. आणि आईंचा थायरॉइडचा स्कॅन किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरला असेल, तर आधीचे काही आठवडे हे औषध पूर्ण बंद, नाहीतर ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असते आणि स्कॅनमध्ये काही दिसत नाही.

बाळाच्या बाबतीत मी कडक आहे. तान्ह्या बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंग मोठं, आणि थायरॉइडला आयोडीनच्या माऱ्यातून सावरता येत नाही, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला. याच वयात थायरॉइड मंदावली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. नाळेवर, लंगोटाच्या पुरळावर, काहीही झालं की लाव बीटाडीन, असं करू नका. बाळाची आई अंगावर पाजत असेल तर तिनेही मोठ्या भागावर, स्तनांवर किंवा दिवसेंदिवस वापरू नये. आयोडीन दुधात उतरतं, आणि रक्तापेक्षा दुधात जास्त साठतं. बाळाच्या डोळ्यांत, किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांत डॉक्टर पोव्हिडोन आयोडीन घालतात हे खरं, पण ते वेगळं, निर्जंतुक, डोळ्यांसाठीच बनवलेलं द्रावण असतं. घरातली बाटली डोळ्यात कधीच नाही. हात धुण्याचं ७.५ टक्क्यांचं स्क्रब तर जखमेतही नाही, त्यात साबणासारखं द्रव्य असतं.

मूत्रपिंडं खराब असतील तर शोषलेलं आयोडीन बाहेर पडत नाही. जुना मधुमेह म्हणजे वडिलांची क्रिएटिनिनची तपासणी झालेली असेलच. नसेल तर करून घ्या आणि मोठ्या जखमेवर औषध लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. अंगाचा पाचवा हिस्सा किंवा अधिक भाजलेल्या रोग्यांत सर्वत्र हे लावून रक्तातली आम्लता वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. आणखी एक बारीक गोष्ट: त्यांची साखर बोट टोचून बघता ना? ज्या हाताने औषध लावलं त्या बोटावर डाग असेल तर आधी साबणाने धुऊन कोरडं करा. आयोडीनमुळे आकडा चुकू शकतो.

मग याच्याऐवजी क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक का नको, असं तुम्ही पुढे विचाराल. ऑपरेशनआधीच्या कातडीवर हा जुना वाद आहे. २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीत अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन पाण्यातल्या पोव्हिडोन आयोडीनपेक्षा सरस ठरलं. लोक म्हणाले आयोडीन हरलं. पण त्या तुलनेत एकीकडे अल्कोहोल होतं आणि दुसरीकडे नव्हतं! २०२४ मध्ये दोन्ही अल्कोहोलमध्ये घेऊन तुलना झाली तेव्हा आयोडीन मागे पडलं नाही. जखमेत संसर्ग ५.१ आणि ५.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखा. डोळ्याजवळ, कानात आणि मेंदूच्या आवरणाजवळ क्लोरहेक्सिडिन घातक, तिथे आयोडीनच बरं. तुमच्या वडिलांच्या जखमेसाठी या वादाचा काही उपयोग नाही, भरायला लागलेल्या मांसावर दोन्ही नकोत.

कुत्रा किंवा मांजर चावलं तर मात्र ही बाटली हाताशी हवी. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, मग पोव्हिडोन आयोडीन, मग त्याच दिवशी लस. धुण्याची १५ मिनिटं सोडून नुसतं औषध लावणारेच जास्त भेटतात.

बाटलीबद्दल. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत असं वाटतं, पण १९८० च्या सुमारास अमेरिकेत पोव्हिडोन आयोडीनच्या बाटल्यांतच एक चिवट जंतू जिवंत सापडला होता, कारखान्यातूनच शिरलेला. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, तोंड जखमेला किंवा कापसाला टेकवू नका, मोठ्या बाटलीतून छोटीत भरून ठेवू नका, आणि उन्हापासून दूर ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका. कोणी घोटभर प्यायलं तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

राहिले डाग. ताजा डाग गार पाण्याने आणि साबणाने बहुतेक जातो. वाळला असेल तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्या जागी लावा, तपकिरी रंग बघता बघता उडतो. आयोडीनचं आयोडाइड होतं आणि त्याला रंग नसतो. कपड्याला खळ असेल तर डाग तपकिरीऐवजी निळा-काळा पडतो, कारण आयोडीन स्टार्चशी जुळतं. घाबरू नका, तोही याच पाण्याने जातो. रंगीत कपडा असेल तर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा.